नानांकडे काहीतरी माग

॥ श्री ॥

भोसरी, पुणे

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू चिडली होतीस म्हणून मी फार बोललो नाही. चिडलेल्या माणसाशी फोनवर बोललं की दोन्हीकडचं अर्धंच ऐकू येतं. म्हणून हे पत्र. आधी हाताने लिहायला घेतलं होतं, पण माझं अक्षर डॉक्टरलासुद्धा लागणार नाही असं तूच दहावीत असताना म्हणाली होतीस. तेव्हा टाइप करून पाठवतोय. सवडीने वाच, ऑफिसात वाचू नकोस.

तर तुझा कॅमेरा. तू बंगळूरहून मागवलास, ओंकारने गावी नानांच्या ओट्याच्या खांबाला बसवला, तुझ्या मोबाइलवर ओटा दिसायला लागला, आणि आठवड्याच्या आत नानांनी त्यावर टोपी अडकवली. आता तुला चोवीस तास पांढरं कापड दिसतं. बाजाराच्या दिवशी टोपी डोक्यावर जाते, तेवढाच वेळ ओटा दिसत असेल. तू म्हणालीस, "बाबा, तू त्यांना समजाव. एक्याऐंशी वर्षांचा माणूस एकटा राहतो, मागच्या उसात बिबट्या फिरतो, मला काळजी वाटली तर माझं काय चुकलं?"

चुकलं काहीच नाही. काळजी मलाही आहे. जुन्नर तालुक्यात बिबट्या म्हणजे काय हे पेपरात वाचून कळायची आपल्याला गरज नाही. माणिकडोहच्या निवारा केंद्रात पकडून ठेवलेले बिबटे तू शाळेत असताना ऐकून आली होतीस आणि रात्रभर दिवा चालू ठेवून झोपली होतीस. नाना अंधार पडल्यावर परसात जात नाहीत, ओट्यावरचा बल्ब रात्रभर जळतो, रेडिओ मोठ्याने लावतात. बिबट्यापुरतं ते माझ्यापेक्षा शहाणे आहेत. पण तुझी काळजी बिबट्यापुरती नाही, हे मला कळतं.

नानांना समजवायला मी जाणार नाही. का, ते सांगतो. त्यासाठी तू एकदा त्यांच्याबरोबर हयातीचा दाखला काढायला गेली असतीस तर बरं झालं असतं. एसटीची पेन्शन ती केवढी, तीन हजारांच्या आत. पण ती चालू राहायची तर वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे कळवावं लागतं. पूर्वी बँकेत जाऊन कागदावर सही केली की भागायचं. २०१४ नंतर दाखला डिजिटल झाला, म्हणजे अंगठा आला. नानांचा अंगठा मशीन घेत नाही. तिकिटं देऊन आणि नाणी मोजून रेषा झिजल्या असं नाना सांगतात. वयाने जातात असं सेवा केंद्रातला पोरगा सांगतो. मग त्याने चेहऱ्यावरून दाखला काढायचं ठरवलं.

नाना शर्टाचं वरचं बटण लावून ताठ बसले, डोळे मोठे करून.

"आजोबा, पापणी हलवा."

"कशाला?"

"हलवा ना. तुम्ही जिवंत आहात हे मशीनला कळायला लागतं."

नाना माझ्याकडे वळले. "आत्ता ह्यानं मला नमस्कार केला. चहा घेता का विचारलं. ते कशाला मग?"

पोरगा हसला, मीही हसलो. नानांनी शेवटी पापणी हलवली, पण परत येताना फाट्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. आणि नानांनी न बोलणं म्हणजे काय हे तुला माहीत आहे. बाप म्हणजे फणस, वरून काटेरी, तोंडाने बोलायचा नाही, असले मेसेज आपल्या ग्रुपवर रोज येतात. मला ते वाचून नवल वाटतं. आपल्या घरात तर बापाच्या बोलण्याला घर पुरायचं नाही. साठ-सत्तर माणसं कोंबलेल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत "पुढं सरका, पुढं जागा आहे" पोचवायचा गळा तो, घरात बारीक कसा होणार?

हा दाखला वर्षातून एकदा द्यायचा असतो. तुझा कॅमेरा दर मिनिटाला मागतो. नानांनी टोपी अडकवली ती एवढ्यासाठी.

आता दुसरी गोष्ट, जी तुझ्या पिढीला दिसायला अवघड आहे, कारण तू नानांना कंडक्टरच्या खाकीत पाहिलंच नाहीस. तू कळती व्हायच्या आत, २००२ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी ते निवृत्त झाले. तोवर नारायणगाव आगारात. मुक्कामाची गाडी असली की रात्री साडेआठला एखाद्या वाडीत गाडी लावायची, देवळात अंथरूण टाकायचं, वेबिल म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद भरायचा, पैसे मोजायचे आणि पहाटे पाचला पुन्हा डबल घंटी. हिशेबात कमी पडले तर पदरचे भरायचे. त्या वाड्यांना तेव्हा दुसरं काही नव्हतं. नारायणगावहून औषध आणायचं ते नानांनी. लग्नपत्रिका द्यायच्या, माहेरी निरोप सांगायचा, सायकलचा टायर आणायचा, पोराचा निकाल शाळेतून विचारून यायचा, सगळं नानांकडे. पावसाळ्यात माळशेजला दरड कोसळली की कल्याणची गाडी घाटातच अडकायची, आणि आम्ही इकडे ताटं वाढून बसलेलो. तेव्हा काही कळायचं साधन नव्हतं. आजी एवढंच म्हणायची, "गाडीत माणसं आहेत, त्यांना सोडून यायचे नाहीत ते."

सुट्टे पैसे नसले की कंडक्टर तिकिटाच्या पाठीवर बाकी लिहून देतो, ते तू पाहिलं असशील. आता मशीनचं पातळ तिकीट आलंय, तरी लिहितात. नाना सगळ्यांचं लिहायचे आणि उतरायच्या आधी एकेकाला हाक मारून द्यायचे. एखादा विसरून उतरलाच तर पुढच्या फेरीला त्याच्या गावच्या थांब्यावर खिडकीतून हात बाहेर. दिवसाला दोन-तीनशे माणसं ज्याच्याकडे काही ना काही मागत होती, काही ना काही विचारत होती, त्या माणसाला आता सगळे मिळून एकच प्रश्न विचारतात: बरे आहात ना? तू विचारतेस, मी विचारतो, आई विचारते, संपतकाका कुंपणावरून विचारतो. ते "बरा आहे" म्हणतात. मग पुढे काय बोलायचं? फोन संपतो.

मी १९८८ साली डिप्लोमाला पुण्यात आलो तेव्हाची गोष्ट तुला अर्धी माहीत आहे. डबा एसटीने यायचा, एवढी. सहाच्या पहिल्या गाडीला आजी डबा द्यायची, ड्रायव्हरच्या केबिनमध्ये इंजिनाच्या बाजूला तो ठेवलेला असायचा. मंचर, खेड, चाकण करत गाडी नऊच्या सुमाराला शिवाजीनगरला. (ते स्टँड आता तिथे नाही. मेट्रोच्या कामासाठी २०१९च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवलं. मला अजून रिक्षावाल्याला शिवाजीनगर सांगायची सवय जात नाही.) गाडी फलाटाला लागायच्या आत मी खिडकीखाली उभा. ड्रायव्हर वरूनच ओरडायचा, "नानांचा ना रे तू? घे." जर्मनचा तीन पुडाचा डबा, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेला, इंजिनाच्या उबेने कोमट. बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, मेथी किंवा हुलग्याचं पिठलं. सणवार असला तर मासवडी, आणि तिचा रस्सा वेगळ्या बाटलीत, बुचाला प्लॅस्टिक बांधून. ते बूच कधीकधी दगा द्यायचं आणि फडक्याला दिवसभर मसाल्याचा वास.

संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा परत. त्यात मी चिठ्ठी घालायचो. वहीसाठी वीस रुपये, ड्रॉइंगला लागणारा सेट-स्क्वेअर, पांघरूण. दुसऱ्या दिवशी भाकरीखाली कागदात गुंडाळून पैसे, आणि कुणीतरी टाकून दिलेल्या तिकिटाच्या पाठीवर नानांच्या अक्षरात: "१५ दिले. ५ बाकी." ते पाच रुपये दोन दिवसांनी यायचेच.

एकदा मी चिठ्ठीत लिहिलं, सगळं ठीक आहे, काही नको. पगाराच्या आधीचे दिवस होते, घरी ओढाताण असेल असा विचार. तिसऱ्या दिवशी साप्ताहिक सुट्टी घेऊन नाना हॉस्टेलच्या दारात. "काय झालं? कुणाशी भांडला का? काही नको असं कसं?" खोलीभर नजर फिरवली, खाटेखाली पाहिलं, चप्पल उलटी करून तळ पाहिला. तळाला भोक होतं. तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. आम्ही लक्ष्मी रोडला चालत गेलो आणि चपला घेतल्या. त्या दिवशी ते इतके खुशीत होते की मला अमृततुल्यमध्ये दोनदा चहा पाजला.

मुद्दा एवढाच आहे, मनू. माझ्या बापाला माझी खुशाली "ठीक आहे" या शब्दांवरून कधीच कळली नाही. मी काय मागतो यावरून कळली.

अजूनही फोनवर शेवटी विचारतात, "पैसे आहेत ना?" माझा पगार त्यांना माहीत आहे. तरी विचारतात, आणि मी कितीतरी वर्षं "आहेत" म्हणत आलो. गेल्या चैत्रात गंमत झाली. आळेफाट्याच्या अलीकडे गाडी पंक्चर. पंक्चरवाल्याच्या फोनला रेंज नाही, माझ्या खिशात रोख नाही. हल्ली कुणाच्या असते? नाना बाजूला बसलेले. मी म्हटलं, "नाना, दीडशे रुपये आहेत का?"

त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या. लांबीच्या बाजूने मधोमध दुमडलेल्या, दहाच्या वेगळ्या, पन्नासच्या वेगळ्या, शंभरच्या वेगळ्या. त्या बोटांच्या बेचक्यात धरल्या, जशा गाडीत धरायचे, आणि न बघता अंगठ्याने दीडशे बाहेर काढले. मग माझ्या हातात पाचशेची एक जादा नोट ठेवली. "राहू दे. रस्त्यात लागतात." मी पंचावन्न वर्षांचा माणूस, त्या रस्त्यावर उभं राहून ती नोट घेतली, आणि खरं सांगू, मला कुठल्याही बोनसने झालं नाही एवढं बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत वाडीभर बातमी: पोराला पैसे कमी पडले होते, नानांनी दिले. संपतकाका रात्री मला बाजूला घेऊन हळूच विचारतो, "दादा, नोकरी शाबूत आहे ना?"

मागच्या पावसाळ्यात ते पडवीत घसरले हे तुला सांगितलं नव्हतं. लागलं नव्हतं फारसं, कोपर सोलवटलं. मलाही संपतने सांगितलं, नानांनी नाही. मी लगेच गेलो, आणि तुझ्यासारखंच माझ्याही डोक्यात पुण्याहून निघताना यादी तयार होती: पुण्याला आणायचं, नाहीतर बाई ठेवायची, नाहीतर संडासाला खुर्ची. पण जेवताना मी नुसतं विचारलं, "नाना, रात्री अंधारात जाताना धरायला काय पाहिजे?" ते उठले, खडू घेतला आणि पलंगापासून मोरीपर्यंत भिंतीवर रेघ ओढली. खांद्याच्या वर. मी म्हटलं, एवढ्या उंच? दवाखान्यात कमरेएवढा असतो. म्हणाले, "कमरेला धरायची सवय नाही. माझा हात वर जातो." सुताराने दोन तासांत जीआय पाइप ठोकला. आता नाना रात्री उठतात ते वरचा दांडा धरून, तोल सावरत, मागच्या सीटकडे तिकीट द्यायला निघाल्यासारखे. मोरीजवळ त्यांनी स्वतःच एक घंटीही बांधली आहे, दोरीची. पडलो तर ओढीन म्हणतात; संपतला ऐकू जाते. एक घंटी म्हणजे थांबा, तीन म्हणजे ये. दोन वाजवायची नाही, असं संपतच्या पोरांना बजावून ठेवलंय, कारण दोन म्हणजे चला.

कॅमेऱ्याचं काय करायचं, तर ओंकार तो गोठ्यासाठी मागतो आहे. वासराची त्याला धास्ती आहे. पण ओट्यावरचा खांब नानांचा, तेव्हा परवानगी त्यांचीच. तू विचार. मी मध्ये पडणार नाही. हो म्हणतील असं समजू नकोस. गोठ्यात कॅमेरा लावला तर वीजबिल कुणाच्या मीटरवर, हा प्रश्न आधी येईल.

एक जाता जाता सांगतो. जूनच्या तिसऱ्या रविवारी तू माझा फोटो स्टेटसला ठेवतेस, मला आवडतं, खोटं कशाला बोलू. आईला दाखवतो. आपल्या पंचांगात बापासाठी सबंध पंधरवडा आहे, पण भाद्रपदात, आणि तो गेल्यावर. कावळ्याला हाका मारत लोक आठवतात की त्यांना अळूवडी आवडायची. मला हे आधी उरकायचं आहे. नानांना अळूवडी आवडत नाही. त्यांना शेवगाठी आवडतात, आणि त्या चहात बुडवून, जे तुझ्या आईला बघवत नाही.

तर तुझ्यासाठी कामं. घरी तांदूळ संपला की ऑनलाइन मागवतेस. या खेपेला नानांना सांग, आंबेमोहोर पाहिजे. ते आदिवासी भागातल्या ओळखीच्या घरी जाऊन, मूठभर दातांखाली चावून घेतील. त्यांना जायला तिकीट लागत नाही. २०२२च्या ऑगस्टपासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत आहे, पण ते कंडक्टरकडून शून्य रुपयाचं तिकीट मागून घेतातच. गर्दीत एखादा पोरगेला कंडक्टर म्हणाला, "असू द्या आजोबा," तर त्याला तिथेच ऐकवतात: "फुकट असलं तरी विनातिकीट नाही." ती शून्याची तिकिटं वहीत चिकटवली आहेत. कशासाठी, ते तूच विचार. मला सांगितलेलं नाही.

आणि तुझ्या त्या फ्लॅटच्या भाड्याचा घोळ चाललाय ना, मालक डिपॉझिट कापतोय म्हणतेस? तोही त्यांना सांग. कायदा त्यांना माहीत नाही, पण चेकर गाडीत चढल्यावर हिशेब कसा मांडायचा हे त्यांना नक्की माहीत आहे. कागद काढून बस, ते एकेक रक्कम विचारतील. अंतर टप्प्यात सांगतात हे लक्षात ठेव. सहा किलोमीटरचा एक टप्पा. पुणे-बंगळूर ८४० किलोमीटर धरून त्यांनी तुझं घर केव्हाच मोजलंय: एकशे चाळीस टप्पे. "पोरगी एकशे चाळीस टप्प्यांवर राहते" असं ते ओतूरच्या बाजारात लोकांना सांगतात, आणि जुन्या माणसांना ते बरोबर कळतं.

फोन सकाळी साडेसहा ते साडेसात करू नकोस. तेव्हा ते फाट्यावर पहिल्या गाडीला उभे असतात. जायचं कुठे नसतं, पण गाडी किती मिनिटं उशिरा आली ते लिहून ठेवतात. फोन उचलला की "बरे आहात ना" म्हणू नकोस. सरळ काम सांग. दिवाळीला तू येणारच आहेस, तर वाकडेवाडीहून ओतूरला कोणती गाडी सोयीची ते मला किंवा मोबाइलला न विचारता त्यांना विचार. ते तीन गाड्या सांगतील. त्यातली एक बंद झाली असेल, तरी तीही लिहून घे, कारण पुढच्या फोनला ते विचारतील, तिन्ही लिहिल्यास ना?

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझा,
बाबा

ता. क. – आईने शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीचं पीठ तुझ्या मैत्रिणीच्या भावाबरोबर रविवारी पाठवलं आहे. पीठ लगेच वापर, कडू होतं.